‘बाहेरून कळालं’ असं होऊ देऊ नका: सोलापुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

सोलापुरात येऊन मला चौथा महिना लागला होता, तेव्हा माझी नोकरी कायम झाली. दुपारी ऑर्डर हातात पडली. मी चिपळूणला आईला फोन केला, मोबाईलवर स्टेटस ठेवलं आणि घरी येऊन आमटीभात खाऊन झोपले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. पाणी कुठल्या वारी येतं, दूध कोणाकडून घ्यायचं, रिक्षाला किती द्यायचे, हे सगळं मला त्यांनीच सांगितलेलं. ऑर्डर कधी निघणार, हेही त्या आठवड्यातून दोनदा विचारायच्या. ‘‘आम्हाला बाहेरून कळालं गं,’’ एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांचा चेहरा उतरला होता आणि तो मला आजही दिसतो.

नोकरीसाठी, कॉलेजसाठी, बदली होऊन किंवा लग्न होऊन जे या गावात नवे आलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोठ्या बातम्यांचं निभावून जातं. त्यासाठी पत्रिका छापतात, हॉल घेतात, चौकात डिजिटल बोर्डही लागतो. चुकतं ते लहान बातम्यांचं, आणि माणसं जोडली जातात ती लहान बातम्यांवरच.

आधी बातमी ओळखा

परगावाहून आलेल्याला वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं आहे काय? भरपूर असतं. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं वेटिंगचं तिकीट आदल्या रात्री कन्फर्म झालं. घरमालकानं यंदा भाडं वाढवलं नाही. मुलीनं वर्गात पहिल्यांदा हात वर करून उत्तर दिलं. मे महिन्याच्या काहिलीनंतर पहिला पाऊस पडला. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, मधे चार-चार दिवस जातात. त्यामुळे जिन्यातून आलेली ‘‘पाणी आलंऽऽ’’ ही हाकसुद्धा आमच्याकडे आनंदाची बातमीच असते. ती ऐकली की स्वतःचं पिंप भरायला लावायचं आणि वरच्या दाराची कडी वाजवायची. नव्या माणसाला बिल्डिंगमध्ये ओळख मिळते ती अशा हाकेतून.

माझी पहिली खरी बातमी म्हणजे एक भाकरी. कोकणात मी तांदळाची भाकरी केलेली, ज्वारीची कधी नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कोमट-गरम पाण्यात मळायचं, तळव्यानं रगडून रगडून मऊ करायचं, परातीत कोरडं पीठ पसरून थापायचं. थापताना गोल फिरवायची ती बोटांच्या दाबानं. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची. माझ्या भाकऱ्या महिनाभर कडेला चिरत राहिल्या. एका रविवारी एक टम्म फुगली. मी गॅस बंद केला, भाकरी ताटलीत घेतली आणि तशीच खाली काकूंच्या दारात गेले. जिन्यातल्या त्या दिवसानंतर आम्ही धड बोललोही नव्हतो. काकूंनी भाकरी मोडली, आतली वाफ बघितली, कडेवर बोट फिरवलं. ‘‘कड जाड ऱ्हायली,’’ म्हणाल्या, ‘‘पण पापुद्रा सुटला की गं!’’ मग आतून शेंगदाण्याची चटणी आणली. खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली, लालभडक. ती भाकरीवर ठेवून अर्धी मला दिली, अर्धी त्यांनी खाल्ली. दारातच, उभ्याउभ्या. ऑर्डरचं राहून गेलेलं त्या दिवशी भरून निघालं.

मग ठरवा, आधी कोणाला

माझा नियम सरळ आहे. ज्यानं तुमच्याबरोबर वाट पाहिली, त्याला पहिलं कळलं पाहिजे. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यानं नोट्स दिल्या तो मित्र, ‘‘इंटरव्ह्यूचं काय झालं?’’ असं विचारणारा चहावाला, गाडीच्या कर्जासाठी जामीन राहिलेला सहकारी. आई-वडिलांना फोन करायचा, यात शंकाच नाही. पण त्याच तासात ही दोन-तीन माणसंही गाठायची. समोर असतील तर समोर, नाहीतर फोनवर. स्टेटस आणि ग्रुप त्याच्यानंतर. ही एक गोष्ट पाळलीत तर बाकीच्या चुका लोक पोटात घालतात.

ग्रुपवर टाकायचंच असेल तर एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहा. फुलांचं तयार चित्र पाठवलं की उत्तरही तयार चित्रच येतं. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला चांगला. तुमचा आवाज चढलेला ऐकू येतो, श्वास लागलेला ऐकू येतो, आणि ऐकणारा आपोआप हसतो.

कधी जायचं

शक्यतो त्याच दिवशी. शिळ्या बातमीला शिळ्या भाकरीसारखा कुस्करा करून खपवता येत नाही.

वेळ मात्र बघा. मार्चपासून जूनपर्यंत दुपारी एक ते चार कोणाचं दार वाजवू नका. ऊन रणरणतं असतं, पारा कित्येकदा चाळिशीच्या वर जातो आणि माणसं पडदे ओढून पडलेली असतात. पाणी येण्याच्या वेळी जाऊ नका, त्या तासात सगळ्यांचं लक्ष पाइपात असतं. संध्याकाळी दिवेलागणीनंतर, जेवणाआधी, ही सगळ्यात चांगली वेळ. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फिरायला जाणारे मित्र असतील तर तिथंच सांगा, चालताना माणूस मोकळं बोलतो. सोमवारी सिद्धेश्वर मंदिरात जाणारी घरं इथं खूप आहेत. सोमवारी संध्याकाळी कोणी घरी भेटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

सांगायचं कसं

पहिल्या वाक्यात बातमी सांगून टाका. ‘‘ओळखा पाहू’’ करत बसू नका, समोरच्याच्या मनात आधी भलतंसलतं येतं. ‘‘काकू, माझी नोकरी पक्की झाली!’’ बास. त्याच्यामागून तपशील येऊ द्या: साहेबांनी बोलावलं तेव्हा काय वाटलं, कागद हातात घेताना काय झालं, बाहेर येऊन पहिलं काय केलं. ऐकणाऱ्याला तुमच्याबरोबर त्या खोलीत जाता आलं पाहिजे.

इथं लोक सरळ विचारतात. पगार किती, गाडी केवढ्याला पडली, फ्लॅटचा हप्ता किती बसतो. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना हे खटकतं. त्यात आपलेपणाच जास्त असतो. आकडा सांगायचा नसेल तर ‘‘आधीपेक्षा बरं आहे, घर चालतं’’ एवढं पुरतं. पण तोंड वाकडं करू नका.

हाक मारताना थोडं जपा. वयानं मोठ्यांना काका, काकू, मावशी, मामा. कानडी आणि तेलुगू घरांत अण्णा, अक्का. सोलापूर मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू असं चार भाषांत बोलतं. एकच माणूस एका वाक्यात दोन भाषा सहज वापरतो. पूर्व भागात पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या घरांमध्ये तेलुगू, दक्षिणेकडच्या गावांतून आलेल्यांच्यात कानडी. तुमची बातमी ऐकून एखादे आजोबा ‘‘चलो आतु नोड्री!’’ म्हणाले तर ‘‘बरं झालं बघा’’ असा त्याचा अर्थ. दोन शब्द शिकून तुम्हीही म्हणा, त्यांना फार बरं वाटतं. आणि ते प्रसिद्ध ‘बे’? ते बरोबरीच्या, जवळच्या दोस्तांसाठीच. ‘‘काय बे, पार्टी कधी?’’ असं तुम्हाला कोणी म्हणालं तर समजा की तुम्हाला त्यांच्यात घेतलं. तुम्ही ते वापरायची घाई करू नका.

हातात काय न्यायचं

लहान बातमीला रिकाम्या हातानं गेलं तरी चालतं. पण हातात काही असलं की बसणं होतं, चहा होतो, बोलणं लांबतं. नोकरी, निकाल, नवी गाडी, बाळ, याला पेढे. पाव किलोत आकाराप्रमाणे दहा-बारा येतात, एका मजल्याला पुरतात. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी असा भेद काही घरांत अजून चालतो. माझ्या मैत्रिणीनं मुलगी झाल्यावर मुद्दाम पेढे वाटले आणि एकाही घरात कोणी प्रश्न विचारला नाही. मला ते फार आवडलं.

उन्हाळ्यात दुधाची मिठाई सकाळी घेऊन संध्याकाळी वाटायला ठेवू नका, आंबते. त्या दिवसांत चिक्की, बेसनाचा लाडू, कलिंगडाची फोड, काहीही चालेल. सोलापूरचं डाळिंब तर हक्काचं. केक नेणार असाल तर बिनअंड्याचाच घ्या किंवा आधी विचारा, कारण बरीच घरं पूर्ण शाकाहारी आहेत. पंढरपूर जवळ असल्यामुळे एकादशी धरणारे खूप. पेढा बहुतेकांना उपासाला चालतो, बेसनाचा लाडू चालत नाही. समोरच्यानं ‘‘आज उपास’’ म्हटलं तर आग्रह न करता एक बाजूला ठेवून या.

मोठा प्रसंग असेल, म्हणजे मित्राचं घर झालं किंवा वडील निवृत्त झाले, तर इथं चादर किंवा टॉवेल देण्याची रीत आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमागावर राबणारी घरं याच गावात असल्यामुळे चादर देणं म्हणजे गावातलीच कमाई गावातल्या माणसाच्या खांद्यावर ठेवणं. चादर घेताना घडी उलगडून दोन्ही बाजू बघा. खऱ्या विणीत नक्षी दोन्ही अंगांना दिसते, रंगांची अदलाबदल होऊन. छापलेलीची मागची बाजू फिकी असते.

आणि डबा. कोणाच्या घरून डबा भरून आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही. ईदला शीरखुर्मा येतो, संक्रांतीला तिळगूळ, बारशाच्या घुगऱ्या येतात, दिवाळीत फराळाचं ताट रुमालानं झाकून येतं. प्रत्येक भांडं काहीतरी घेऊन परत गेलं पाहिजे. घरात काहीच नसेल तर मूठभर साखर. माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे, झाकणावर दुसऱ्याच कुटुंबाचं नाव कोरलेलं. आमच्या आणि त्यांच्या घरात तो इतक्या वेळा फिरलाय की आता तो कोणाकडे राहतो हे दोघींनाही सांगता येणार नाही.

ज्याचं झालं नाही, त्याला

हा भाग मन लावून वाचा. दोघं मिळून एकाच परीक्षेला बसलात, तुमचं झालं, त्याचं राहिलं. अशा वेळी बहुतेक जण दोन चुका करतात. एक म्हणजे त्याच्यापासून लपवतात. दुसरी, सगळ्यांबरोबर ग्रुपवर टाकून मोकळे होतात. लपवलेलं त्याला कळतंच, आणि कळतं तेव्हा ‘‘मला एवढा हलका समजलास?’’ असं होतं. ग्रुपवर टाकलं तर त्याला चारचौघांत ‘अभिनंदन’ लिहावं लागतं.

त्याला एकट्याला सांगा, सगळ्यांच्या आधी. फोनवरच सांगा, कारण फोनवर त्याला चेहरा सांभाळावा लागत नाही. ‘‘माझं झालंय. तुला आधी सांगतोय, आज लगेच काही बोलू नकोस.’’ इतकंच. सल्ला देऊ नका, ‘‘पुढच्या वेळी तुझंही होईल’’ म्हणू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग तो स्वतःहून चहाला बोलावतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं अगदी असंच केलं होतं, आणि जिचं राहिलं होतं तीच पेढ्यांचा बॉक्स धरून वर्गभर फिरली.

ज्या घरात सुतक आहे तिथं तेरा दिवस तरी पेढे नेऊ नका. नुसतं भेटून या. तेराव्यानंतर बातमी सांगितली तर त्या घरातली माणसं बहुतेक स्वतःच म्हणतात, ‘‘तेवढंच जरा बरं वाटलं बघा.’’

आणखी एक. दुसऱ्याची बातमी आपण सांगायची नाही. कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, कोणाची सोयरीक जुळतेय, कोणाचा फ्लॅटचा व्यवहार चाललाय, हे तुम्हाला कळलं असेल तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. तीन महिने होईपर्यंत, सुपारी फुटेपर्यंत, खरेदीखत होईपर्यंत लोक बोलत नाहीत. कोणी त्याला दृष्ट लागण्याची भीती म्हणेल, कोणी सावधपणा. कारण काहीही असो, सांगण्याचा हक्क त्यांचा आहे.

आणि ऐकताना

सांगण्याइतकंच ऐकणं महत्त्वाचं आहे, याचा पुरावा आता मानसशास्त्रातही आहे. अमेरिकेतल्या शेली गेबल, हॅरी रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दिवशी माणूस चांगली गोष्ट कोणाला तरी सांगतो, त्या दिवशी त्या घटनेनं दिलेल्या आनंदाच्या वर आणखी आनंद त्याच्या वाट्याला येतो, असं त्यांना दिसलं. ऐकणारा कसा प्रतिसाद देतो याचे त्यांनी चार प्रकार केले. ते मी माझ्या जिन्यातल्या भाषेत सांगते. समजा, शेजारची ताई सांगत आली, ‘‘माझं बचतगटाचं कर्ज मंजूर झालं, शिलाई मशीन घेतेय.’’

‘‘अरे वा, छान,’’ म्हणून तुम्ही परत मोबाईलकडे बघितलंत. हा एक. ‘‘कर्ज? हप्ते झेपतील का गं?’’ हा दुसरा. ‘‘बरं, आज भाजी काय केलीस?’’ हा तिसरा. आणि चौथा म्हणजे हातातलं बाजूला ठेवून, ‘‘खरंच? कधी कळलं? कुठली मशीन घेतेस? पहिला ब्लाउज माझा शिवायचास!’’ नात्याला बळ मिळतं ते या चौथ्यानंच, असं त्या अभ्यासात दिसलं. दुसऱ्या प्रकारात आपल्याला वाटतं की आपण काळजी करतोय. काळजी खरी असेल तरी ती उद्या करा. आज निदान दोन प्रश्न विचारा, ज्यांनी ताईला तो क्षण पुन्हा सांगता येईल.

बोलावलं की जा

थंडीत, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, ऑफिसातला कोणीतरी म्हणेल, ‘‘रविवारी शेतावर या की, हुरडा आलाय.’’ ही त्याची आनंदाची बातमी आहे. त्याच्या शेतात ज्वारीचं कणीस दुधावर आलंय आणि त्याला ते तुम्हाला खायला घालायचंय. ‘‘बघू, जमलं तर’’ म्हणू नका. जा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसलेली असतात, भाजली की हातावर चोळून दाणे काढतात, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि गरम गरम तुमच्या ओंजळीत टाकतात. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. निघताना ज्यांनी कणसं चोळली त्यांच्या आईला, वहिनीला जाऊन ‘‘दाणा लई गोड होता’’ असं सांगून या.

तसंच जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मागून पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांच्या अंगरख्यातले) भक्त चालतात, मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा होतो, संध्याकाळी होम मैदानावर सगळं गाव लोटतं. शेजारचं कोणी तुमच्या हातावर अक्षता ठेवून ‘‘चला आमच्याबरोबर’’ म्हणालं, तर चप्पल घाला आणि निघा. त्या गर्दीत आकाशपाळण्याच्या रांगेत उभं असताना मी माझ्या मैत्रिणीला घर घेत असल्याचं पहिल्यांदा सांगितलं. ती इतकी जोरात ओरडली की पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईनं वळून विचारलं, ‘‘काय झालं गं?’’ मैत्रिणीनं सांगितलं. त्या बाईनं पिशवीतून बत्तासे काढले आणि आम्हा दोघींच्या हातावर एकेक ठेवला.

तुम्ही याच आठवड्यात आला असाल तर उद्या एवढं करा. संध्याकाळी सात वाजता शेजारचं दार वाजवा, आपलं नाव आणि गाव सांगा, आणि दिवसभरात जे काही बरं झालं असेल, गॅसची शेगडी जोडून झाली एवढंच का असेना, ते सांगा. ‘‘आत या की’’ असं ऐकू येईल. चपला बाहेर काढा.